कुकरात रुतलेला बैल

गडमुडशिंगीला, माझ्या सासुरवाडीत, आमच्या सासऱ्यांच्या फोटोखाली पाच लिटरचा प्रेशर कुकर ठेवलेला आहे आणि दरवर्षी श्राद्धाच्या दिवशी त्यालाही हार घातला जातो. नवखा माणूस हळूच विचारतो, "म्हाताऱ्यास्नी सैपाकाची आवड हुती काय?" मग सगळं घर माझ्याकडं बघतं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठतो.

त्याचं असं झालं. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आबांची एक काठी होती. काठी बाभळीची, पण तिची मूठ आबांनी स्वतः पांगाऱ्याच्या लाकडातनं कोरलेली. बैलाचं तोंड, दोन आखूड शिंगं आणि डोळे असे की बघणारा दोन पावलं मागं सरकावा! पांगारा कोरायला लोण्यासारखा, पण टिकायच्या नावानं बोंब. आबा गेल्यावर माझ्या बायकोनं, सुलभानं, ती काठी मागून घेतली आणि वर्षाच्या आत मुठीला कीड लागली. रोज सकाळी काठीच्या कोपऱ्यात चिमूटभर भुसा! सुलभा तो भुसासुद्धा टाकायची नाही, पुडी बांधून देव्हाऱ्यात ठेवायची.

पहिलं वर्षश्राद्ध जवळ आलं. काठी फोटोपुढं ठेवायची म्हणून तिचे थोरले भाऊ तात्या ती न्यायला रविवारी येणार होते.

"तात्याला काय सांगू वो?" सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाची एक वस्तू मागून घेतली, ती बी मला सांभाळता आली न्हाय."

इथं शहाण्या माणसानं बायकोला चहा करून द्यायचा आणि गप्प बसायचं. पण गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. फौंड्रीच्या स्टोअरमधनं रिटायर झाल्यापासनं तर अंगात नुसती वळवळ! (पंखा चालू करतो, बंद करतो, मग चालू होता का बंद होता ते बघायला परत उठतो.) त्यात मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ बघितलेला. किडकं, मऊ लाकूड पातळ रेझिनमध्ये, म्हणजे तापवलं की घट्ट होणाऱ्या रसायनात, बुडवायचं, भांड्यातली हवा पंपानं ओढून घ्यायची. लाकडाच्या पोटातली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते आणि त्या रिकाम्या जागेत रेझिन शिरतं. एक-दोन दिवस मुरू द्यायचं, मग बाहेर काढून ओव्हनमध्ये तापवायचं. लाकडाचा दगड!

"सुलभा, डोळं पूस," मी म्हणालो. "तुझी पतवंडं ती मूठ धरून चालतील!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता हवा काढताना चेपणार नाही असं दणकट भांडं पाहिजे. घरात तसं एकच होतं, सुलभाचा कुकर. तिच्या रुखवतातला! आबांनी महाद्वार रोडवर चार दुकानं हिंडून, बुडावर टिचक्या मारून, आवाज ऐकून निवडलेला.

"अवो, माझ्या बाच्या मुठीसाठी माझ्या बाचाच कुकर?"

"मग घरातल्या घरातच हाय की!"

गोरा म्हणाला होता, लाकूड आधी ओव्हनमध्ये रात्रभर सुकवा, पार ओल जाऊ द्या. मी काठीची मूठ उपसून सुलभाच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये घातली आणि तासाभरात अकरा वेळा दार उघडून बघितलं. बाराव्या वेळेला धीर सुटला आणि बाहेर काढली. तासभर काय, रात्रभर काय, उन्हाळ्याचे दिवस तर होते!

पंप सलीमभाईंचा. ते आमच्या गल्लीतले फ्रिज दुरुस्तीवाले, फ्रिजच्या नळीतली हवा काढायचा पंप त्यांच्याकडं असतो. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाता जाता ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पंप घेऊन आले.

"काका, धाच मिनटं हायत. काय करायचं ते पटकन."

कुकरवर झाकणाच्या जागी ॲक्रिलिकचा जाड तुकडा, त्याला भोक, भोकात नळी. रेझिनमध्ये मी लाल रंगही घातला होता. (बेंदराला सगळ्या गावाच्या बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवतात, मग आबांच्या बैलानंच काय घोडं मारलंय?) पंप सुरू झाला आणि मुठीतनं बुडबुडे सुटले.

"आलं, आलं! बैलानं श्वास सोडला!" मी टाळ्या पिटल्या.

"काका, येवढा फेस कसला?"

"येतोय तर येऊ दे की!"

तो ओल्या लाकडाचा फेस होता. दूध उतू जावं तसा वर आला, नळीत शिरला, नळीतनं पंपात गेला, आणि पंपानं एक ढेकर देऊन सलीमभाईंच्या छातीवर लालभडक पिचकारी मारली!

"या अल्ला!" सलीमभाईंनी सदऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आता मशिदीत लोकं इचारतील, रंगपंचमी आमच्याआधी तू एकटाच खेळलास व्हय?"

माणूस मोठ्या मनाचा. कपडे बदलून नमाजाला गेला, संध्याकाळी परत आला, पंप धुतला आणि थांबत थांबत चालवून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढून दिली. "आता मुरू दे. आनि काका, हात न्हाय लावायचा!"

हात लावला नाही, फक्त जागा बदलली. कुकरवर त्याचं झाकण नुसतं टेकवलं आणि आधी तो पलंगाखाली ठेवला. मग वाटलं, झुरळ पडेल. गॅलरीत नेला. मग वाटलं, मांजर येईल. देव्हाऱ्याजवळ ठेवला तर सुलभा ओरडली. शेवटी रविवारी सकाळी, डोळ्यासमोर राहील म्हणून, मी तो गॅसच्या डाव्या शेगडीवर ठेवला. रिकामीच होती!

तात्या जेवायला येणार म्हणून मटण आणलेलं. सुलभाचा कुकर माझ्या ताब्यात, म्हणून तिनं शेजारणीचा मागून आणला, तोही पाच लिटरचाच. मटण घालून तो उजव्या शेगडीवर चढवला आणि ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन गिरणीला निघाली. स्वयंपाकघराच्या दारात थांबून मला म्हणाली, "धा वाजेपर्यंत मुरायचंय, तवर मुठीचं झाकण उघडलंसा तर आबांची शप्पथ हाय! आनि उजव्या बाजूचा कुकर पेटवा. चार शिट्ट्या झाल्या की बंद."

आता बघा, ती ओट्याकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून बोलत होती. मी विचार केला. (आयुष्यात जेव्हा जेव्हा विचार केलाय, तेव्हा तेव्हा असंच झालंय.) ती बोलतीय म्हणजे तिचा उजवा हात. तिचा उजवा म्हणजे ओट्याचा डावा. मूठ मी डावीकडं ठेवली होती खरी, पण मटण चढवताना तिनं कुकर इकडचा तिकडं केला असणार! मी डावी शेगडी पेटवली आणि शप्पथ पाळत, हाताची घडी घालून स्टुलावर बसलो.

दहा मिनिटं गेली, शिट्टी नाही. मटण निबर असेल म्हणून गॅस मोठा केला. वीस मिनिटं गेली. टायर जळल्यासारखा वास यायला लागला. सुलभानं तात्यासाठी काहीतरी नवीन मसाला घातलेला दिसतोय, असं म्हणून मी खिडकी उघडली. तेवढ्यात खालनं सलीमभाईंचा आवाज, "काका, वायर जळतीया काय?"

वळून बघतो तर झाकणाखालनं काळा धूर!

सलीमभाई धावत वर आले, गॅस बंद केला. मागोमाग पिठाचा डबा घेऊन सुलभा. ती दारातच थांबली. "कुठला पेटवलासा?"

मी बोट दाखवलं.

कुकर गार झाल्यावर सलीमभाईंनी झाकण उचललं. आत लाल दगड! रेझिन काठापासनं बुडापर्यंत थिजलेलं आणि वर आलेलं फक्त बैलाचं नाक, एक शिंग आणि एक डोळा. तो डोळा माझ्याकडंच बघत होता.

"मशीननं कुकर कापता यील," सलीमभाई म्हणाले, "पर लाकूड कुठं संपतंय आनि रेझिन कुठं सुरू हुतंय, कुणाला ठावं?"

"कुनी हात लावायचा न्हाय!" सुलभा फरशीवर बसली, कुकर मांडीवर घेतला आणि हुंदके द्यायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पोरीनं बापाची एक आठवण जपलेली, आणि मी हात दाखवून अवलक्षण केलं.

तात्यांची गाडी वाजली तशी सुलभानं कुकर झाकून ओट्यावर ठेवला आणि तोंड धुवायला धाव घेतली. तात्या चपला काढून सरळ वास घेत स्वयंपाकघरात.

"सुले, तांबडा रस्सा झाला न्हवं?" म्हणत त्यांनी झाकण काढलं, पळी घेतली आणि कुकरात घातली. टण्ण! परत घातली. टण्ण! "दाजी, तर्री लईच घट्ट आलीया की ओ!"

मग त्यांना डोळा दिसला. पळी हातातच राहिली.

मी सगळं सांगून टाकलं. ओव्हन, पिचकारी, डावी शेगडी, सगळं. "तात्या, मला काय बोलायचं ते बोला," म्हणालो.

तात्यांनी पळी खाली ठेवली. एक बोट बैलाच्या नाकावरनं फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते!

"सुले, इकडं यी! आपला सर्जा! पंचगंगेत धुवायला घातला की असाच नाक वर काढून बसायचा बघ. आबा काठावरनं शिव्या घालायचे, तरी उठायचा न्हाय!"

सुलभानं वाकून बघितलं आणि डोळ्यांत पाणी असतानाच खुदकन हसली. "व्हय की रं. डोळा बी तसाच मस्तीचा."

"ह्येला आता कीड लागत न्हाय आनि भुंगा बी लागत न्हाय. कुकरासकट घिऊन जातो."

शेजारणीच्या कुकरातलं मटण दुपारी तीनला शिजलं. पोटभर जेवून तात्या निघाले, काखेत काठी, कडेवर कुकर. दारात थांबून त्यांनी कुकराच्या बुडावर प्रेमानं टिचकी मारली.

"आबांची पारख दांडगी. कुकर असा निवडला, येवढी आग सोसली पर तडा न्हाय गेला." मग त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "दाजी, तुमच्या वक्ताला तेवढी टिचकी मारायची ऱ्हायली."

मी गप्प बसलो, आयुष्यात पहिल्यांदाच. कारण मारली असती तर आवाज पोकळच आला असता, आणि पोकळ जागेत रेझिन भरायची युक्ती तेव्हा आबांना कुठली ठाऊक असायला!