जज्जबाईंच्या तीन टोपल्या

माझ्या थोरल्या नणंदेने आयुष्यभर एकच काम केलं. होड्या धक्क्याला लागल्या की पापलेटांचा ढीग सिमेंटच्या ओट्यावर ओतला जायचा आणि तिने तो तीन टोपल्यांत वाटायचा. मोठा मासा, मधला मासा, बारीक मासा. मग टोपल्या लिलावाला जायच्या आणि ती ओटा धुऊन घरी यायची. ऐकायला सोपं वाटतं. एकदा तिला ताप होता म्हणून दोन दिवस मी तिच्या जागी उभी राहिले, तर दुसऱ्या दिवशी होडीवाले आणि घेणारे, दोघांनीही माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिच्याशी मात्र कोणी वाद घालत नसे. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून सगळा धक्का तिला जज्जबाई म्हणायचा. तिला ते आवडायचं, पण तसं ती दाखवायची नाही.

मी तिला वन्सं म्हणते. लग्नानंतर दीड वर्षात तिचा नवरा गेला आणि ती एक ट्रंक घेऊन आमच्याकडे परत आली. मी तेव्हा या घरात नवीन होते. नणंद कायमची राहायला आली म्हणून मी दोन दिवस माहेरच्यांना नावं ठेवली, तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि मासा कसा साफ करतात ते दाखवलं. त्यानंतर एकाच स्वयंपाकघरात आम्ही पंचेचाळीस वर्षं काढली. भांडलो फक्त मिठावरून.

परत आल्यावर काही वर्षांनी टोपल्यांचं काम तिने तिच्या आत्याकडून घेतलं. त्याची एक रीत होती. ढीग ओतला की त्याच्याभोवती एक फेरी मारायची. त्यातला सगळ्यांत भरलेला, लांबरुंद मासा उचलून ओट्याच्या उजव्या टोकाला ठेवायचा. हा आजचा मोठा. मग हात चालवायचा. जो त्याच्या बरोबरीचा, तो मोठ्या टोपलीत. जो त्याच्या खांद्यापर्यंत येतो, तो मधल्या टोपलीत. बाकीचा बारीक. पट्टी नाही, काटा नाही. पट्टी शिंप्याला लागते, असं ती म्हणायची. यात कोणावर अन्याय होत नव्हता, कारण विकणाऱ्याकडे आजचा मासा होता आणि घेणाऱ्यालाही आजचाच हवा होता. टोपल्या भरल्या की मासेखात्याचा कारकून यायचा, मोठ्या इतक्या, मधल्या इतक्या, बारीक इतक्या असं वहीत लिहायचा आणि चहाला जायचा. अडतीस वर्षं तो असाच चहाला गेला. मध्ये दोन कारकून बदलले, चहा तोच राहिला.

होड्या मात्र बदलल्या. माझे यजमान सकाळी निघून दुपारी परत यायचे. माझा मुलगा दोन इंजिनं लावून दीड दिवस लांब जातो. जाळ्यांची भोकं लहान होत गेली. पाणी कोमट लागतं, मासा खोल गेला, दुसरीकडे गेला, असं होडीवाले एकमेकांना सांगायचे, आणि बोलून झालं की आणखी लांब जायचे. वन्संच्या टोपल्या तरी रोज भरत होत्या. त्यामुळे घरात कोणाला काही वाटलं नाही.

मग मासेखात्यात एक नवीन पोरगी आली. चष्मा, पाठीला पिशवी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. दोरीला थर्मामीटर बांधून ती पाण्यात सोडायची आणि आकडा लिहून घ्यायची. धक्क्यावरच्या बायका म्हणायच्या, हिने समुद्राला तपासायला घेतलंय, संध्याकाळपर्यंत गोळ्याही लिहून देईल. पोरगी हसायची आणि पुन्हा दोरी सोडायची. तिने सगळ्या जुन्या वह्या वाचून काढल्या होत्या. एक दिवस ती ओट्यापाशी आली आणि वन्संना विचारू लागली की मावशी, सुरुवातीच्या वर्षांत तुम्ही ज्याला मोठा मासा म्हणायचात, तो केवढा होता.

वन्सं म्हणाल्या, मोठा म्हणजे मोठा.

पोरगी म्हणाली, म्हणजे किती बोटं?

आपण मासे बोटांनी मोजत नाही, असं सांगून वन्संनी तिच्याकडे पाठ केली. घरी आल्यावर त्यांनी भांडी जरा जोरात घासली. मला एवढंच कळलं की कोणीतरी त्यांच्या निवाड्यावर शंका घेतली आहे.

पोरगी चिवट होती. दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरीच आली. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या, म्हणून तिने मला सगळं समजावून सांगितलं. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मासा अंडी घालतो. त्या चार महिन्यांत तिथे जाळं टाकायचं नाही, असं करावं की नाही, हे महिनाअखेरीच्या बैठकीत ठरणार होतं. वरच्या कचेरीतले साहेब म्हणत होते की गरज काय, वह्या बघा, अडतीस वर्षांपूर्वी मोठ्या माशांच्या जेवढ्या टोपल्या निघत होत्या, जवळपास तेवढ्याच आजही निघतात. पोरीला ते पटत नव्हतं. मासा तेवढाच असेल तर होड्या चौपट लांब का जातात, असं ती मलाच विचारत होती, जसं काही मीच त्यांना पाठवत होते.

मी आपलं सहज बोलून गेले. मला टोपल्यांतलं काही कळत नाही, मला तवा कळतो. माझ्या लग्नात आलेला लोखंडी तवा अजून तोच आहे. सुरुवातीची आठ-दहा वर्षं मोठ्या टोपलीतला मासा त्यात मावायचा नाही, शेपटी बाहेर राहायची, म्हणून मी दोन तुकडे करून तळायची. आता तुकडे करावे लागत नाहीत.

हे बोलत असताना वन्सं दारात उभ्या होत्या, केस ओले, खांद्यावर टॉवेल. त्यांनी पोरीला चहा दिला नाही आणि जा असंही म्हटलं नाही. पोरगी थोडा वेळ बसून गेली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांनी त्या दिवसाचा मोठा घरी आणला. ओट्याच्या उजव्या टोकाचा, निवडून ठेवलेला. शेगडी न पेटवता तवा काढायला सांगितला आणि मासा त्यात ठेवला. सोबत आणलेला मोठ्या टोपलीतला दुसरा शेजारी ठेवला. मग तिसरा. तिन्ही मावले, आणि कडेला कांदा परतण्याइतकी जागा उरली. वन्संनी ते तीन मासे आधी शेपटीकडून पाहिले, मग डोक्याकडून. नंतर तवा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, तळ.

त्या दिवशी मीठ जास्त झालं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली.

चार दिवस त्या तशाच होत्या. ओट्याशी जायच्या, फेरी मारायच्या, मोठा उचलायच्या आणि तो हातात धरून थोडा वेळ थांबायच्या. धक्क्यावर कुजबुज सुरू झाली की जज्जबाईंना मोतीबिंदू झाला असावा.

बैठक जवळ आली तसा माझा मुलगा आत्याच्या मागेपुढे करू लागला. एरवी तो तिच्यासाठी कधी काही आणत नाही, त्या आठवड्यात त्याने चपला आणल्या. लांबच्या फेरीचं डिझेल रोज परवडत नाही, मधले दिवस तो किनाऱ्याजवळच जाळं टाकतो; चार महिने उथळ पाणी बंद म्हणजे त्याची होडी त्यातले बरेच दिवस धक्क्याला बांधलेली राहणार, हे उघड होतं. त्याने तिला सांगितलं की तिथे फक्त जे वहीत आहे तेच सांग, जास्त खोलात जाऊ नकोस. खोटं बोल असं तो म्हणाला नाही. आणि शेवटी म्हणाला, "आत्या, तू चुकलीस असं तूच म्हणालीस, तर उद्यापासून तुझ्या टोपलीला कोण विचारील?"

"ते माझ्याही लक्षात आलंय," वन्सं म्हणाल्या, आणि नवीन चपला दाराशी ठेवून जुन्याच घालून गेल्या.

बैठक लिलावाच्या शेडमध्ये होती. साहेबांसाठी पंखा आणला होता, तो त्यांचे कागद उडवत होता. होडीवाले उभे, बायका बर्फाच्या रिकाम्या पेट्यांवर बसलेल्या. साहेबांनी वह्यांतले आकडे वाचून दाखवले आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पोरगी काहीतरी बोलायला उठली, तर साहेब म्हणाले की तुमचा थर्मामीटर नंतर बघू. मग त्यांनी उपचार म्हणून वन्संना विचारलं की तुम्हाला काही सांगायचंय का. त्या नाही म्हणतील असंच सगळ्यांना वाटलं होतं. मलाही.

वन्सं उठल्या. "साहेब, त्या वहीतला मोठा मासा रोज वेगळा आहे. ढिगात जो सगळ्यांत मोठा, त्याला मी मोठा म्हटलं. पहिला मोठा आमच्या तव्यात मावत नव्हता. मागच्या आठवड्यात तीन मावले. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलंय. मी चुकले."

कारकून मोकळा श्वास घेऊन मागे टेकला.

साहेबांनी विचारलं, "कधीपासून चुकलं?"

"ते कळलं असतं तर चुकलं नसतं," वन्सं म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यानंतर बराच गोंधळ झाला. त्यातला अर्धा तव्याबद्दल होता. सरकारी बैठकीत तवा कसा चालेल, असा एका होडीवाल्याचा मुद्दा होता. शेवटी तवा मागवण्यात आला, पोरीने तो पट्टीने मोजला आणि साहेबांनी सही केली. उथळ पाणी चार महिन्यांसाठी बंद झालं.

माझ्या मुलाने आत्याशी अबोला धरला. जेवायला एकाच पंगतीत बसायचा, पण भाजी हवी असली की मला सांगायचा आणि मी ती वन्संच्या समोरून उचलून त्याला द्यायची. धक्क्यावरही लोक जपून बोलायचे. जज्जबाई ही हाक बंद झाली. आता नुसतं बाई म्हणायचे.

वन्संनी ओट्याच्या कडेला तैलरंगाने दोन रेघा मारून घेतल्या. एक ओट्याच्या टोकापासून तव्याच्या मापावर, दुसरी त्याच्या अर्ध्यावर. डोकं टोकाला लावून शेपटी पहिल्या रेघेला टेकेल तो मोठा, दुसरीला टेकेल तो मधला. पहिल्या दिवशी मोठी टोपली रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशीही. घेणारा म्हणाला की बाई, चार मासे तरी टाका, टोपली रिकामी बरी दिसत नाही. वन्संनी ती पाण्याने धुतली आणि होती तिथेच ठेवली. कारकुनाने मोठ्याच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि चहाला गेला. असे महिनेच्या महिने त्याने शून्य लिहिलं. पोरगी म्हणायची की मावशी, लगेच काही होत नाही, वर्षं लागतात, आणि पाणी असंच तापत राहिलं तर तेही सांगता येत नाही. वन्सं म्हणायच्या, मी कुठे जातेय.

चार महिने संपून होड्या उथळ पाण्यात पुन्हा जाऊ लागल्या, त्याला सहा-सात आठवडे झाले असतील. एका सकाळी मी वन्संचा डबा द्यायला धक्क्यावर गेले होते. माझा मुलगा होडीतून उतरला तो एकच मासा दोन्ही हातांवर आडवा घेऊन. ओट्याशी आला आणि त्याने तो रेघेला लावून ठेवला. खूप दिवसांत तेवढा कोणी पाहिला नव्हता. माणसं गोळा झाली. वन्सं खाली वाकल्या. डोकं ओट्याच्या टोकाला नीट टेकलेलं होतं. शेपटी रेघेपासून बोटभर आत होती. मुलाने अंगठ्याने ती हळूच पुढे ओढून धरली.

"शेपटी सोड," वन्सं म्हणाल्या.

"आत्या, टेकतेय."

"तू ओढतोयस म्हणून टेकतेय."

त्याने शेपटी सोडली. पाच-साडेपाच महिन्यांनी त्यांचं बोलणं झालं ते हे. मग तो म्हणाला की तवा वर्षानुवर्षं घासून घासून पातळ झालाय, माप जरा कमी धरायला हवं. वन्सं म्हणाल्या की तवा घासून पातळ होतो, लहान होत नाही, तुझ्या आईला विचार. त्याने मला विचारलं. मी म्हटलं की मला यात ओढू नका. तो म्हणाला की मासा बर्फात होता, बर्फात अंग आखडतं. त्या म्हणाल्या, थंडीत तूही आखडतोस, म्हणून तुला कोणी सहा फुटांचा म्हणत नाही. घेणारा, कारकून, दोन बर्फवाले, सगळे ऐकत उभे राहिले. चहाची वेळ निघून गेली.

शेवटी मुलगा थकला आणि म्हणाला, "बरं, मग तूच सांग."

वन्संनी मासा उचलला, पाठ आणि पोट पाहिलं, आणि मधल्या टोपलीत ठेवला. अगदी वर, सगळ्यांना दिसेल असा.

"जज्जबाई, लिहू?" कारकुनाने विचारलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "मोठे शून्य."