भैरवी आधी झाली

स्मरणशक्ती ही माणसाची शेवटची मालमत्ता असते, असं मी एकदा वाचनालयाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात बोललो होतो. टाळ्या पडल्या, नारळही मिळाला. आमच्या घरच्या सीडी प्लेअरच्या रिमोटवर किती बटनं आहेत, हे मात्र मला तेव्हा सांगता आलं नसतं.

प्लेअर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ओझरच्या विमान कारखान्यात ते तपासणीस होते. सदोष भागाला लाल चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर दोष, कारण, सही, तारीख लिहायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर घरातल्या गळक्या नळालाही तशी चिठ्ठी लागायची. त्यांच्या हातात रिमोट नको, उगाच काहीतरी दाबतील, असं मीच ठरवलं आणि रिमोट माझ्या कपाटात ठेवला. प्लेअरवरचं चालू आणि बंद, एवढी दोन बटनं त्यांना पुरे होती.

रोज साडेदहाला ते एका गायकबुवांच्या मैफलीची सीडी लावत. शेवटी भैरवी. ती संपायला पावणेबारा व्हायचे. अण्णा चष्मा काढून ठेवत आणि पानावर येऊन बसत. घड्याळाकडे बघायची गरजच नव्हती.

मार्चमधल्या एका सकाळी ते पावणेअकरालाच येऊन बसले.

"वाढा."

"अण्णा, अजून कुकरसुद्धा लावला नाही," बायको म्हणाली.

"भैरवी झाली की."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी भैरवी मधेच कुठेतरी झाली आणि तिच्यानंतर बुवांनी पुन्हा मोठा ख्याल सुरू केला. अण्णा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"अरे, क्रम बदललाय."

"अण्णा, सीडी आहे ती. बुवांच्या मनावर नसतं."

"म्हणून तर सांगतोय तुला."

बायको म्हणाली, "अहो, मशीन एकदा बघा ना." मी बघितलं नाही. म्हातारपण आणि विसरणं या विषयावर मी तीन जाडजूड पुस्तकं वाचली होती. प्लेअरबरोबर आलेलं माहितीपत्रक आठ पानी होतं, ते रद्दीत गेलं होतं. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, असं मी अण्णांना समजावलं. तीस वर्षं मशीनच्या चुका शोधणाऱ्या माणसाला.

गंगापूर रोडला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली. अण्णांनी दोन्ही सांगितलं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर अजून फेब्रुवारीवरच आहे हेही सांगितलं. डॉक्टरांनी ते पान उलटलं आणि तरीही महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, रात्री जेवणानंतर.

परतताना रिक्षात अण्णांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तू म्हणतोस तर असेल."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या क्षणी मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे लिहून ठेवलेलं बरं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सीडी लावणं सोडलं. साडेदहाला ते बंद प्लेअरसमोर बसत आणि जेवायची वेळ झाली का ते बायकोला विचारत. पूर्वी त्यांनी कधी वेळ विचारली नव्हती. मी ते एका वहीत लक्षण म्हणून लिहून ठेवलं.

तीन आठवडे असेच गेले. एका रविवारी अण्णा कारखान्यातल्या जुन्या मित्राकडे गेले असताना मीच ती सीडी लावली. पहिलीच भैरवी. प्लेअरच्या काचेवर कोपऱ्यात, नखाएवढ्या हिरव्या अक्षरांत, रँडम, म्हणजे गाणी कुठल्याही क्रमाने, असं लिहिलेलं होतं. प्लेअरवर तसं बटन नाही, ते फक्त रिमोटवर आहे. मार्चमध्ये कपाट आवरताना रिमोट फडक्याने खसाखसा पुसून, चालतोय का ते प्लेअरवर मीच बघितलं होतं.

मी ते बटन दाबलं. अक्षरं गेली. रिमोट परत कपाटात ठेवला, आणि वहीतलं ते पान फाडलं.

सोमवारी मी अण्णांना आग्रह करून सीडी लावायला लावली. सगळं जागच्या जागी आलं. पावणेबाराला त्यांनी चष्मा काढला, पानावर बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गोळीचा गुण आला म्हणायचा."

खरं सांगायची ती वेळ होती. आमटी वाढली जात होती, बायको तिथेच होती, एका वाक्याचं काम होतं.

"हो," मी म्हणालो.

अण्णा जेवले. नेहमीपेक्षा अर्धी पोळी जास्तच.

त्या आठवड्यात कधीतरी मी कपाट उघडलं. रिमोटला पांढऱ्या दोऱ्याने लाल चिठ्ठी बांधलेली होती. दोष : गाण्यांचा क्रम बदलणे. कारण : हाताळणी. खाली सही आणि सोमवारची तारीख. त्याच दोऱ्याला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या तिन्ही पट्ट्या होत्या. एकही गोळी काढलेली नव्हती.