वेबसाइटवरचा वहिनींचा आवाज

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, हळद शिजायचा वास आला की मी हातातलं काम टाकून गोष्ट सांगायला बसतो, आणि आज सकाळपासून आमचं अख्खं कुरुंदा गाव त्या वासानं भरलंय. इथल्या माझ्या एका मित्रानं हळद विकायला वेबसाइट काढली होती. ती चालवायचं काम पुण्याच्या एका कंपनीला दिलं होतं, आणि "सगळं कंपनीच बघून राहिली" म्हणत तो गावभर मिरवायचा. साइटवरच्या व्हिडिओत त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हळद कशी शिजवायची ते सांगायच्या आणि मध्येच नवऱ्याला दटावायच्या, "ओ, धुरात काहून उभे राहिलात, सरका की तिकडं!" पुढं वहिनी गेल्या. तेराव्यानंतर त्यांची लुगडी वाटून टाकली, तसा त्यानं तो व्हिडिओही काढून टाकला, कारण तो आवाज त्याला ऐकवत नव्हता. फोनमधला आधीच पुसलेला होता, पण कंपनीकडं नक्कल असणारच, असं तो धरून चालला. वर्षश्राद्धाला मात्र त्याला तोच आवाज ऐकावासा वाटला. त्यानं माझ्यासमोर स्पीकर लावून कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "काका, साइट चालू ठेवणं, चोरांपासून राखणं आमच्याकडं. त्यात काय ठेवायचं, काय पुसायचं, ते तुमच्याकडं. जुनी नक्कल आम्ही महिनाभरच ठेवतो." मला एरवी मयतीतसुद्धा विनोद सुचतो, तेव्हा एकही सुचला नाही, आजही सुचत नाही. तो भांडला नाही. फोन तोंडाजवळ धरून एवढंच बोलून गेला, "बराबर हाय बाई. बायको माझी होती, तुमी काहून जपून ठेवाल?"