म्हातारीचा खांदा

जिन्यावरून पडलेल्या म्हातारीचं कोपर उलटं वळलं आणि माझ्या पाठीमागे चहा घेऊन आलेली आई किंचाळली.

"गो बाये, मोडलो मां तिचो हात!"

म्हातारी गेममधली होती. मुलुंडच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून मी गेममधल्या पात्रांचे सांधे बसवते. पात्र पडलं की त्याचे हातपाय आपोआप लोळायला हवेत, पण माणसासारखे. म्हणून एडिटरमध्ये प्रत्येक सांध्याला मर्यादा द्यावी लागते: कोपर इथवर, मान तिथवर, त्यापुढे नाही. कोपराची मर्यादा मी विसरले होते आणि खांद्याला एका तरुण पैलवानाचेच आकडे चिकटवले होते. पडता पडता ही बाई हात असा डोक्यावर फेकायची, की सर्कशीत नाव काढलं असतं.

कोपर लगेच दुरुस्त झालं. खांद्याचं काय? आकडा घालण्याआधी स्वतःचा हात हलवून बघायची आमच्या कामात सवयच असते. ऑफिसात सगळे खुर्चीत बसून माना वाकड्या करत असतात, नुसता वेड्यांचा बाजार. पण माझा खांदा इथे कामाचा नव्हता. मी आईला म्हटलं, "ये, मला म्हातारी हवीच आहे."

"म्हातारी कोणाक म्हणतंस गो?" आई फणकारली.

तिचं बरोबरच होतं म्हणा. या उन्हाळ्यात तिने कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून टाकले होते. 'गरम होता गो,' एवढंच कारण. मी खूश. आमची आई झकास मॉडर्न झाली, असं सोसायटीभर सांगत फिरले होते.

"बरं, तरुणी. उजवा हात वर कर. पार कानाला लाव."

हात खांद्याच्या उंचीपर्यंत आला आणि थांबला.

"नाटकं नको ना आई, काम आहे माझं."

"एवढोच जाता."

"काहीही!" म्हणत मी तिचं मनगट धरलं आणि हात वर उचलला. ती ओरडली. मघाचं चहा आणतानाचं किंचाळणं यापुढे काहीच नव्हतं. मी हात सोडून मागे सरले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि माझाही पडला असणार.

"कधीपासून?"

"झाले म्हयने."

"आणि बोलली नाहीस?"

"सांगान काय होतला? तू काय डॉक्टर आसस?"

मला इतका राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. उद्या सकाळी हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, असं मी जवळजवळ ओरडलेच. एरवी तासभर हुज्जत घालणारी आई नुसतं "बरा" म्हणाली. त्याने मी जास्तच हादरले.

काहीतरी करायचं म्हणून मी स्क्रीनकडे वळले. म्हातारीच्या खांद्याला आईच्या हाताएवढीच मर्यादा दिली आणि तिला पुन्हा जिन्यावरून पाडलं. हात खांद्याशीच अडला.

आई खुर्ची ओढून जवळ बसली, चष्मा सारखा करून बघत राहिली. "आता बरी पडली," ती म्हणाली. मग म्हातारीच्या डोक्यामागच्या गच्च अंबाड्यावर तिने बोट ठेवलं.

"मगे हिचो अंबाडो कोण घालता गो?"

तो चित्र काढणाऱ्याने घातलाय, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि माझी नजर तिच्या मानेपर्यंतच्या केसांवर गेली. आईने केस गरम होतं म्हणून कापलेच नव्हते.