शेवटच्या ओळीतलं नाव

मनमाडहून निघालेली गाडी सेलूला दोन तास उशिरा पोचली. मी उतरलो तो एका गाण्याचा कवी शोधायला. सेलूच्याच एका गायन पार्टीची कॅसेट नाशिकला घरी मी इतकी वाजवली होती, की बायको म्हणाली, "एकदाचे त्या माणसाला भेटून या, म्हणजे टेप तरी गप्प बसेल." कापूस वेचणाऱ्या आईला तिची मुलगी पाटीवरचं वाचून दाखवते, एवढंच ते गाणं, पण विद्यापीठाच्या नामांतराच्या सभांमधून मराठवाडाभर पोचलेलं. रिवाजाप्रमाणे शेवटच्या ओळीत कवीचं नाव येई: 'लिंबाजी सांगे'.

टांगेवाल्याला नाव सांगताच त्यानं गाणंच सुरू केलं आणि मला एका जिनिंगच्या फाटकाशी सोडलं. आत सरकीचे (कापसाच्या बियांचे) ढीग आणि उडणारा कापूस. पाच मिनिटांत माझे केस पांढरे झाले. लिंबाजीराव बाहेर आले. उंच, हसरे, पण आवाज पार फाटलेला.

"जय भीम, पाव्हणं. गाणं माझं न्हाई. मी फकस्त ढोलकी वाजवतो."

मी मनातून चिडलोच. एवढ्या लांबून आलो ते ढोलकीवाल्याला भेटायला? माझा चेहरा बघून ते मला घरी जेवायला घेऊन गेले. गरम भाकर आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्यांची तिखट आमटी). पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाढणाऱ्या बायकोकडे, चौत्राबाईंकडे, बोट दाखवून ते म्हणाले, "हिनं केलंय गाणं."

पार्टीचे मुख्य गायक पूर्वी लिंबाजीरावच होते. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मग ते घराबाहेरच पडेनात.

"लोकं ह्यांचं नाव इसरायला लागले होते," चौत्राबाई म्हणाल्या. "कापूस येचता येचता गाणं जुळलं, त्यात ह्यांचं नाव घातलं. मला लिवता येत न्हाई, म्हणायला येतं."

"आता लोकं मला कवी म्हणायलेत. लय लाज वाटती," लिंबाजीराव म्हणाले आणि बायकोकडे वळले. "आजच्या लग्नातल्या गाण्यात तुझं नाव घेणार."

"काई नको! लोकाच्या तोंडात बसलंय ते. हसतील तुमाला."

दुपारी सगळी पार्टी टेम्पोनं देवगाव फाट्याजवळच्या लग्नाला निघाली. पेटी माझ्या मांडीवर आली आणि दर खड्ड्याला ती माझ्या हनुवटीवर आपटत होती. चौत्राबाई वाटभर नवऱ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

जेवणं उरकली आणि गाणं सुरू झालं. सगळा मांडव साथ देत होता. शेवटचं कडवं आलं तसा लिंबाजीरावांनी गायकाला हात केला आणि त्या फाटक्या आवाजात स्वतःच ओळ घेतली: 'चौत्रा सांगे.' सवयीनं लोक 'लिंबाजी' म्हणून गेले आणि अडकले. कुणीतरी हसलं. लिंबाजीरावांनी ओळ पुन्हा घेतली. आवाज अर्ध्यात तुटला. तिसऱ्यांदा बायकांच्या बाजूनं एका आजीबाईंनी 'चौत्रा' म्हटलं, मग दुसरीनं, मग सगळ्या मांडवानं. चौत्राबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मला रडू आलं, आणि या वेळी येसरला दोष देता येत नव्हता.

दोघं मला फाट्यावर एस.टी.त बसवायला आले.

"ताल चुकला ह्यांचा," चौत्राबाई रागानं म्हणाल्या. डोळे मात्र लाल होते. लिंबाजीराव नुसते हसले.

"मी हे लिहीन म्हणतो. तुमची हरकत असेल तर नाव घालत नाही," मी चौत्राबाईंना म्हणालो.

तेवढ्यात एस.टी. आली आणि मी खिडकीशी जाऊन बसलो. विद्यापीठाच्या नावासाठी ज्यांचं गाणं गावोगाव गेलं, त्यांनी स्वतःचं नाव कधी मागितलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी कवी शोधायला गेलो होतो. एकमेकांचं नाव जपणारी दोन माणसं भेटतील असं काही वाटलं नव्हतं.

बस हलली तशा चौत्राबाई खिडकीचा गज धरून चार पावलं चालत आल्या.

"घाला नाव," त्या म्हणाल्या. "पर नीट लिवा. चौत्राबाई लिंबाजी. दोनी लिवा."