दादाचं वर्णन

माझा दादा मुका होता. लहानपणीच्या तापात वाचा गेली आणि समजही पोराएवढीच राहिली. आम्ही कल्याणला राहायचो, वडील मामलेदार कचेरीत कारकून. रोज दुपारी दादा स्टेशनाच्या कुंपणाशी जाऊन इंजिनात पाणी भरताना बघत उभा राहायचा. पंचविशीत होता तेव्हा असाच गेला आणि परतला नाही. ठाण्याकडच्या गाडीत चढताना कुणीतरी त्याला पाहिलं होतं.

वडील आणि मी पोलीसचौकीवर गेलो. हवालदार वर्णन लिहून घेऊ लागला. उंची, रंग, डाव्या भुवईवरची खोक, वडिलांनी सगळं नीट सांगितलं.

"बोलतो कसा?"

वडील म्हणाले, "कमी बोलतो."

हवालदाराने तसंच लिहिलं. मी शेजारीच होतो. अठरा वर्षांचा घोडा, पण तोंड उघडलं नाही.

कारण मला ठाऊक होतं. धाकट्या बहिणीचं लग्न ठाण्याला ठरलं होतं. त्या मंडळींना पाठवलेल्या पत्रात 'थोरले चिरंजीव देशावर मामांकडे शेती पाहतात' असं होतं. मजकूर वडिलांचा, अक्षर माझं. वर्तमानपत्रात द्यावं, असं मी सुचवून पाहिलं.

"ठाण्याला वर्तमानपत्र जात नाही वाटतं?" वडील म्हणाले.

लग्न पार पडलं. मांडवात आई सगळ्यांशी हसून बोलत होती.

पुढे स्टेशनमास्तरांकडून कळलं, की बिनतिकिटाचा माणूस नावगाव सांगेना, तर पोलीस कधीकधी त्याला मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात धाडतात. तेव्हा मी घरी न सांगता तिथे पत्र टाकलं. त्यात पहिल्यांदा खरं लिहिलं. मुका आहे. वेडा नाही, समज कमी आहे. भूक लागली की गालावर थोपटतो. कुणी ओरडलं तर भिंतीकडे तोंड करून बसतो, त्याला मारू नये.

उत्तर दीड महिन्याने आलं. एक मुका हिंदू पुरुष, वय अंदाजे पंचवीस, ठाणे स्टेशनावर पोलिसांना सापडला होता. कल्याणला चौकशी केली, तर मुका इसम हरवल्याची नोंद नव्हती. माझं पत्र पोचण्याआधीच तो तापाने वारला आणि त्याचं दहन झालं. भुवईबद्दल एक अक्षर नव्हतं.

वडिलांनी पत्र दोनदा वाचलं. "खात्री कुठे आहे?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. सुतक धरलं नाही. धरलं असतं तर ठाण्याला कळवावं लागलं असतं.

त्या दिवशी वडील कचेरीत गेल्यावर आईने मला ते पत्र वाचायला लावलं.

"एवढंच लिहिलंय?"

"एवढंच."

"मग तू लिही. मी सांगते."

"कुणाला पाठवायचंय?"

"कुणाला नाही रे. नुसतं लिही."

मी दौत-टाक घेऊन बसलो. ती सांगत गेली. न्हाऊ घालताना डोळे मिटून तिचा पदर कसा धरायचा, आमटीतली शेंग शेवटी खायला ताटाच्या कडेला कशी ठेवायचा. काही मला माहीत होतं, बरंच नव्हतं. दोन पानं भरली. तेवढ्यात ओसरीवर वडिलांच्या वहाणा वाजल्या. आईने माझ्या हातातून पानं घेतली, चुलीत सारली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.