त्या घोड्याचा मोतद्दार

अमेरिकेत चँडलरला मुलाकडे असताना मी रोज जवळच्या घोड्यांच्या रँचवर फिरायला जाई. तिथल्या मोतद्दाराचं नाव मी कधी विचारलं नाही. नातवाचं ऐकून तोही मला ‘आजोबा’ म्हणे. त्याच्या देखरेखीतला घोडा कळपातून वासरू वेगळं काढून, मान खाली घालून त्याची वाट अडवण्याच्या स्पर्धांत अजिंक्य होता. बोलताना मोतद्दाराची बोटं त्याच्या आयाळीत फिरत राहत.

दोन हजार चारच्या दसऱ्याला मी घोड्याची पूजा केली आणि मोतद्दाराची पाठ वळताच पातेलंभर भिजवलेले हरभरे नि गूळ घोड्याला चारला. रात्रीतून घोडा पोटशुळानं गेला. मालकानं मोतद्दाराला दोष देऊन काढून टाकलं. मी गप्प राहिलो.

दोन वर्षांनी मोतद्दार रँचच्या कुंपणाबाहेर उभा दिसला. आत त्या घोड्याच्या गोठवून ठेवलेल्या बीजाचं शिंगरू होतं. बापाला त्यानं पाहिलंही नव्हतं. मी दिसताच शिंगरानं मान खाली घातली. मी डावीकडे सरकलो की ते डावीकडे, उजवीकडे सरकलो की उजवीकडे.

“आजोबा, मी रोज येऊन बघतो, दुसऱ्या कुणाला ते असं अडवत नाही,” मोतद्दार हसला. “तुम्ही वासरू आहात की काय?”

“हरभरे मी चारले होते,” मी मराठीत पुटपुटलो.

शिंगरानं मान वर केली आणि ते बाजूला झालं. मोतद्दाराला काहीच कळलं नाही. त्याला कळेल अशा भाषेत मी ते कधीच बोललो नाही.